थंडीत ट्रकचं ॲव्हरेज का उतरतं, आणि ड्रायव्हरला धरण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून कांदा भरून दिल्लीला आझादपूर मंडीत जाणाऱ्या सहा बाराचाकी गाड्या, परतीला मिळेल तो माल. मे-जूनमध्ये ॲव्हरेज लिटरला ४.१ किलोमीटर मिळत होतं, डिसेंबर-जानेवारीत पाच गाड्या ३.८ च्या आसपास आल्या आणि सहावी थेट ३.५ वर. रस्ता तोच, लोड तोच, ड्रायव्हर तेच. सहाव्या गाडीचा ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, थंडीमुळे होतंय." तुम्हाला वाटतं तो डिझेल विकतोय, आणि तुम्ही त्याचा पगार रोखून धरलाय. विचारलंय ते एवढंच, की थंडीने खरंच एवढा फरक पडतो का.

पडतो. पण एवढा नाही. आणि कुठे किती पडतो हे कळलं की तुमच्या पाच गाड्यांचा हिशोब एकीकडे जातो आणि सहावीचा दुसरीकडे. मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या देखभालीचं काम करतोय, त्यातली बरीचशी याच आग्रा रोडवर चालणाऱ्या गाड्यांवर. २००९ च्या जानेवारीत मीच मालकाला सांगून एका ड्रायव्हरला याच कारणावरून घरी बसवलं होतं. पुढच्या जानेवारीत त्याच गाडीवर दुसरा, मालकाच्या नात्यातला ड्रायव्हर होता. ॲव्हरेज तेवढंच आलं. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीची महिन्यागणिक वही ठेवायला लागलो. तुम्हीही आज ती सुरू करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता मूळ गोष्ट. लोक "थंडी" म्हटलं की इंजिनाचा विचार करतात. सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते, पांढरा धूर येतो, म्हणून डिझेल जास्त खात असणार असा समज. खरं तर इंजिनाला थंड हवा आवडते. थंड हवा दाट असते, सिलिंडरमध्ये तिचा भरणा जास्त होतो, इंटरकूलरचं (टर्बोने दाबून गरम झालेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणाऱ्या जाळीचं) काम सोपं होतं, ज्वलन चांगलं होतं. मे महिन्यात बिजासन घाटात जी गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात रडत चढते तीच जानेवारीत एक गिअर वर चढते, हे तुमचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल. मग डिझेल जातं कुठे? इंजिनाच्या बाहेर. टायरमध्ये आणि हवेत.

आधी हवा घेऊ. समुद्रसपाटीला १५ अंशाला एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या जवळ असतं. तुमच्या बाराचाकीचं तोंड साधारण अडीच मीटर रुंद, पावणेचार मीटर उंच. म्हणजे एक किलोमीटर जाताना गाडी साडेनऊ हजार घनमीटर हवा बाजूला सारते. वजनात अकरा-बारा टन! दर किलोमीटरला. ही हवा जितकी दाट तितकं डिझेल जास्त. हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे साध्या सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून भाग द्यायचा. मे महिन्यात या रूटवर रात्रंदिवस धरून सरासरी ३६ अंश आणि जानेवारीत १४ अंश धरले, तर ३०९ भागिले २८७. हवा पावणेआठ टक्के जड झाली, तेवढाच तिचा विरोध वाढला.

पण पूर्ण पावणेआठ टक्के डिझेल वाढत नाही, कारण हवेचा विरोध हा गाडीवरच्या भाराचा एक भागच असतो. ३५ टन भरलेली गाडी ६० च्या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना हवेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, उरलेला टायरचा. ८० ने पळवली तर हवेचा वाटा निम्म्याकडे सरकतो, कारण हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि रिकामी गाडी असेल तर ६० ला सुद्धा हवेचा वाटा निम्म्याहून जास्त. म्हणून थंडीत रिकाम्या फेरीचं ॲव्हरेज हवेपायी भरल्या फेरीपेक्षा जास्त टक्क्यांनी उतरतं. बऱ्याच मालकांना हे उलटं वाटतं. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे थंडीचे आकडे इंटरनेटवर वाचून कुणी तुम्हाला सांगायला आलं तर लक्षात ठेवा, ती मंडळी शंभराच्या वेगाने पळतात आणि त्यांच्याकडे उणे वीस होतं. ते आकडे आपल्याला लागू नाहीत.

इथेच वाऱ्याचं सांगून टाकतो, कारण तापमानापेक्षा वारा मोठा चोर आहे. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर ६० च्या वेगाची गाडी हवेच्या दृष्टीने ७० ने चाललेली असते. विरोध ३६ टक्क्यांनी वाढतो! २२ अंशांच्या फरकाने पावणेआठ टक्के आणि एवढ्याशा वाऱ्याने छत्तीस. हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या वर गेलं की वायव्येकडून गार वारं येतं आणि दिल्लीला जाताना ते बऱ्यापैकी समोरून लागतं. तेव्हा जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज वेगवेगळं लिहा. एकत्र लिहिलं तर हे कधीच दिसणार नाही. ताडपत्री सैल बांधून फडफडत ठेवली तर तेही याच खात्यात जमा.

आता टायर. थंडीतला मोठा खर्च हाच आहे आणि याच्याकडे कुणी बघत नाही. टायर फिरताना रबर दबतं, परत फुगतं, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. गार रबर जास्त कडक, त्यात ही हानी जास्त. ट्रकच्या टायरला बाहेरचं तापमान एक अंशाने उतरलं की लोळण्याचा विरोध अर्धा ते पाऊण टक्का वाढतो, असं धरायला हरकत नाही. २२ अंशांचा फरक म्हणजे बारा-चौदा टक्के. टायर चालून चालून गरम होतो हे खरं, पण ट्रकच्या टायरला पूर्ण तापायला तास-दीड तास लागतो, आणि थंड हवेत तो तापूनही उन्हाळ्याइतका तापत नाही. ढाब्यावर दोन तास थांबला की पुन्हा बराचसा गार.

त्यात हवेच्या प्रेशरची भर. मे महिन्यात दुपारी पंपावर ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून घेतलेल्या टायरमध्ये तापमान दर १० अंशांनी उतरलं की जवळपास ४ पीएसआय कमी होतात. टायर गळत नाही, पंक्चर नाही, फक्त आतली हवा आकसते. मे ते जानेवारी म्हणजे ८-९ पीएसआय गेले, वर सहा महिन्यांत आपोआप झिरपलेली हवा वेगळी. ड्रायव्हर हातोडी मारून आवाज ऐकतो आणि "हवा बरोबर आहे" म्हणतो. हातोडीला ११० आणि १०० मधला फरक कळत नाही, त्याला गेजच लागतो. तोही सकाळी, गाडी हलायच्या आधी. गरम टायरवर मोजून हवा काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत, तो तर दुप्पट घाटा.

उन्हाळा मात्र फुकट नसतो, हे विसरू नका. ४५ अंशात रेडिएटरवर वारं मारणारा इंजिनाचा फॅन जवळजवळ सतत लागलेला असतो. तुमच्या वर्गाच्या इंजिनाचा फॅन हायवेच्या आरपीएमला पूर्ण लागला की पाच ते दहा हॉर्सपॉवर खातो. भरलेल्या गाडीला सपाटीवर ६० ने जायला चाकाशी ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर लागतात, त्याच्याशी ताडून बघा. टर्बोतून येणारी हवा जास्त गरम, इंटरकूलरच्या जाळीत धूळ आणि किडे भरलेले, म्हणून घाटात ताकद कमी. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर तापल्यावर कंप्युटर स्वतःच ताकद कमी करतो. तुमच्या गाड्यांना एसी नाही. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. नवीन गाडी घ्याल तेव्हा तिचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात तीन-चार टक्के खाईल, आणि मग तुमचा मे आणि जानेवारीतला फरक आपोआप कमी दिसेल. गाडी थंडीला चांगली झाली असं समजू नका, ती उन्हाळ्याला महाग झालेली असेल. एसीला माझा विरोध नाही. ४५ अंशात बारा तास स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या जागी एक दिवस बसा, मग चार टक्क्यांबद्दल बोलू.

डिझेलची स्वतःची घनताही बदलते. एका अंशाला साधारण ०.०८ टक्के. गार डिझेलचा एक लिटर थोडा जड, त्यात ऊर्जा थोडी जास्त. उन्हाळा-हिवाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचं तापमान दहा-बारा अंशांनी वेगळं असेल तर हा फरक एक टक्का, आणि तो हिवाळ्यात तुमच्या बाजूने. "पहाटे भरलं तर डिझेल जास्त मिळतं" हे मात्र डोक्यातून काढा. जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही. एक अंशाचा फरक धरला तरी ४०० लिटरमागे तीनशे-सव्वातीनशे मिलिलिटरची गोष्ट आहे. त्यासाठी पंपावर पहाटे रांग लावली तर तेवढं डिझेल आयडलिंगलाच, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यातच, जाईल.

तर आता तुमच्या पाच गाड्या. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर. ४.१ ने ६१० लिटर, ३.८ ने ६५८. फरक ४८ लिटरचा. शंभर लिटरमागे माझा अंदाज असा: टायरला ४५, हवेला २०, चढण आणि ब्रेकमध्ये २५, उरलेले इंजिनाच्या स्वतःच्या जोडण्या आणि आयडलिंगला. टायरचे ४५ बारा टक्क्यांनी वाढले म्हणजे साडेपाच लिटर. हवेचे २० पावणेआठने वाढले म्हणजे दीड. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगमधलं (डिफरन्शियलचं) ऑइल गार आणि घट्ट, त्याचा अर्धा-एक. एकूण साडेसात-आठ. यातून फॅनची बचत दोन वजा, डिझेलच्या घनतेचा एक वजा. राहिले चार ते पाच टक्के. ६१० वर हे २५ ते ३० लिटर होतात. हे शुद्ध तापमानाचं देणं, ड्रायव्हर देव असला तरी चुकणार नाही.

मग उरलेले १८ ते २३ लिटर? त्यासाठी ड्रायव्हरला विचारा, पण चोर म्हणून नव्हे. धुक्यात किती तास उभा होतास? रात्री केबिन गरम ठेवायला इंजिन चालू ठेवलंस का? सकाळी किती वेळ गरम करतोस? उभ्या गाडीचं इंजिन आयडलवर तासाला दीड ते दोन लिटर पितं, मोठं इंजिन तीनपर्यंत. ग्वाल्हेर ते दिल्ली पट्ट्यात जानेवारीच्या धुक्यात दहा-बारा तास एका फेरीत सहज जातात, थोडे उभे राहून, थोडे वीसच्या वेगाने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. बारा तास पावणेदोनने धरले तर २१ लिटर. हिशोब जुळला. हे थंडीच्या नावावर खपतं, पण हा खर्च धुक्याचा आणि सवयीचा आहे. त्यातला धुक्याचा भाग सोडून द्या. धुक्यात गाडी पळवू नको, हेच त्याला सांगायचं असतं. सवयीचा भाग मात्र कमी होतो. सकाळी स्टार्ट केल्यावर ब्रेकची हवा भरेपर्यंत जो वेळ लागतो तेवढा पुरे. मग पहिले चार-पाच किलोमीटर आरपीएम न चढवता चालवायचं. इंजिन लोडवर लवकर गरम होतं, उभं राहून नाही. आमच्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना अर्धा अर्धा तास घुर्र घुर्र करत ठेवायचो, ती सवय मुलांनी बापांकडून उचलली आहे. रात्रीसाठी दोन चांगल्या रजया घेऊन द्या. हसू नका, दोन रजयांची किंमत दोन फेऱ्यांत निघते. बंद केबिनमध्ये शेगडी पेटवायची नाही हेही बजावून सांगा, त्या धुराने झोपेत माणसं गेलेली आहेत.

एक गोष्ट डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची. थंडीत डिझेल "पातळ" करायला काही जुने ड्रायव्हर अजूनही हा सल्ला देतात. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाडीत हे करू नका, बीएस-४ मध्येही नको. रॉकेलला वंगण कमी, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर खलास होतात, शिवाय ही भेसळ आहे. नाशिक-दिल्लीला त्याची गरजही नाही. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात हिवाळ्यासाठी पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश अशी कमाल मर्यादा आहे, दिल्लीच्या थंडीला हिवाळी डिझेल पुरतं. प्रश्न येतो तो काश्मीरला. एखादी खेप श्रीनगरची मिळाली तर इकडचं डिझेल टाकी भरून तिकडे नेऊ नका, मेण धरून फिल्टर बसतो. जम्मूपर्यंत टाकी कमी ठेवा आणि तिकडच्या पंपावर भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं वेगळं डिझेल आणलं, यावरून तिथली परिस्थिती समजून घ्या. टाकीखाली जाळ करणाऱ्यांचे किस्से ऐकून ते करून बघू नका.

तुमच्या दोन बीएस-६ गाड्यांबद्दल एवढंच, की थंडीत कमी वेगात आणि आयडलवर जास्त वेळ गेला की एक्झॉस्ट गार राहतो, डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी लवकर साठते आणि ती जाळायला गाडी वरचं डिझेल वापरते. म्हणून आयडलिंगचा भुर्दंड त्यांना दुहेरी. धूर साफ करायला या गाड्यांत भरतात तो युरिया उणे ११ ला गोठतो, आपल्या रूटवर त्याची काळजी नाही.

आता सहावी गाडी.

३.५ म्हणजे त्याच फेरीला ७१४ लिटर. बाकीच्या पाचांपेक्षा ५६ लिटर जास्त. हे थंडीचं नाही. सहाही गाड्या एकाच थंडीतून, एकाच धुक्यातून जातात. थंडी सगळ्यांना सारखी लागते. तापमानाचा परिणाम ओळखायची खूण हीच: सगळ्या गाड्या एकदम उतरतात, हळूहळू उतरतात, आणि होळीनंतर आपोआप वर येतात. चोरीची खूण वेगळी. एका फेरीला ३.८, पुढच्या फेरीला ३.३, मग पुन्हा ३.७. माणूस दर वेळी मोजून तेवढंच विकत नाही, गिऱ्हाईक मिळेल तसं आणि गरज पडेल तसं विकतो. तुम्ही लिहिलंय की ही गाडी नोव्हेंबरच्या शेवटापासून प्रत्येक फेरीला ३.५ च देते, अगदी किंचित इकडे तिकडे. इतका शिस्तीचा चोर मी अजून पाहिला नाही.

आणि तुमच्याच प्रश्नात, अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ आहे. ही गाडी मे महिन्यात शिवपुरीजवळ तापली होती आणि रस्त्यावरच्याच मिस्त्रीने दीड तासात ठीक करून दिली, त्यानंतर परत कधी तापली नाही. मला त्या ओळीत उत्तर दिसतंय.

दीड तासात रस्त्यावर काय ठीक होतं? रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) होत नाही. दोनच गोष्टी होतात. एक, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढून फेकून देतात. दोन, फॅनचा व्हिस्कस क्लच, जो इंजिन गार असताना फॅन मोकळा सोडतो, बोल्ट मारून कायमचा लॉक करतात. गाडी परत तापत नाही, मिस्त्री खरं बोललेला असतो, ड्रायव्हर खूश, मालक खूश. मे महिन्यात ॲव्हरेजवरही फारसं कळत नाही, कारण तेव्हा फॅन तसाही लागलेलाच असतो आणि बाहेर ४५ अंश असताना इंजिन थर्मोस्टॅटशिवायही गरमच राहतं. पैसे वसूल होतात ते हिवाळ्यात. बाकीच्या पाच गाड्यांचे फॅन थंडीत सुटून मोकळे होतात आणि ती बचत त्यांना मिळते. हिचा फॅन पहाटे सात अंशातही पूर्ण ताकदीने रेडिएटरवर वारं मारत राहतो. सहा-सात हॉर्सपॉवर सतत गेले तर तेच सात-आठ टक्के झाले, म्हणजे ५६ लिटर जवळजवळ तिथेच संपले. वर थर्मोस्टॅट नसल्याने पाणी ८० च्या वर जातच नाही, ५५-६० वर रेंगाळतं. ऑइल घट्ट राहतं, गार सिलिंडरच्या भिंतीवर डिझेल नीट जळत नाही, त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. या अवस्थेत दोन हिवाळे गेले की लायनर-पिस्टनचं काम निघतं, ते डिझेलपेक्षा महाग.

ड्रायव्हरला विचारा, हिवाळ्यात टेंपरेचरचा काटा कुठे असतो. "साहेब, काटा उठतच नाही" असं म्हणाला तर निम्मी तपासणी झाली.

उरलेली निम्मी सकाळी करा, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर. बॉनेट किंवा केबिन उचला. इंजिन बंद असताना फॅन हाताने फिरवून बघा. क्लच चांगला असेल तर थोडा विरोध देऊन फिरतो. लॉक केला असेल तर बेल्टसकट ओढल्यासारखा घट्ट लागतो, आणि टॉर्च मारली की मधल्या भागात बाहेरून मारलेला बोल्ट किंवा वेल्डिंगचा टाका दिसतोच. मग हात आणि मफलर फॅनपासून लांब ठेवून गाडी स्टार्ट करा आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होजपाइप दर मिनिटाला हाताने चाचपत राहा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर पाइप बराच वेळ गारच राहील आणि मग एकदम गरम होईल, हात ठेववणार नाही इतका. नसेल, किंवा उघडा अडकला असेल, तर पहिल्या काही मिनिटांपासून पाइप हळूहळू कोमट होत जाईल आणि कोमटच राहील.

थर्मोस्टॅट नवीन टाकायचा, कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच. फॅन क्लच महाग आहे, पण फेरीला पाच हजारांचं डिझेल वाचणार असेल तर त्याचे पैसे दोन-चार फेऱ्यांत सुटतात. त्याआधी रेडिएटर आणि इंटरकूलर उतरवून साफ करून घ्या, नाहीतर गाडी येत्या मे महिन्यात पुन्हा शिवपुरीजवळ उभी राहील आणि तिथला मिस्त्री पुन्हा दीड तास घेईल. मूळ दुखणं तिथेच आहे, बाकी सगळी मलमपट्टी होती. गाडी का तापली होती हे त्या वेळी कुणी विचारलंच नाही.

दुरुस्तीनंतर दोन फेऱ्या बघा. टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, नोझल आपोआप कट झाल्यावर पुढे न भरता. गाडी ३.७५ ते ३.८ वर आली तर त्या माणसाचा रोखलेला पगार त्याच दिवशी द्या. नाही आली तर मला आकडे पाठवा, मग टाकीचं झाकण आणि रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल इंजिनाकडून टाकीत परत आणणारी नळी) बघू.